सूर उशिरा का येतो? लिनक्सचा कर्नल स्वतः बसवून तपासण्याचा पाठ



संगणकाला जोडलेल्या छोट्या कीबोर्डवर मूल पट्टी दाबतं आणि स्पीकरमधून सूर किंचित उशिरा येतो. हा उशीर इतका कमी असतो की ऐकणाऱ्याला वाटतं, मुलाचीच लय कच्ची आहे. मूल हळूहळू पट्टी थोडी आधी दाबायला लागतं. मग एक दिवस खरी पेटी समोर येते आणि तेच मूल तबल्याच्या पुढे पळतं. दोष संगणकाचा, बोलणी मुलाला. म्हणून हा विषय मला केवळ संगणकवाल्यांचा वाटत नाही.

यावर उपाय म्हणून अनेकदा महागडं साउंड कार्ड किंवा नवा संगणक सुचवला जातो. आधी जुन्या यंत्राचीच नीट तपासणी करता येते, आणि नववीच्या पुढच्या मुलांना बरोबर घेऊन केली तर त्यात ध्वनीचा वेग, अपूर्णांक, सरासरी आणि कमाल यांतला फरक, असं बरंच काही हाताला लागतं. हा पाठ दोन-तीन शनिवार पुरतो.

एक सूचना आधीच. आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायच्या.

उशीर म्हणजे किती?

हवेत ध्वनी सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. म्हणजे एका मिलिसेकंदात 34 सेंटिमीटर, मुलांच्या फूटपट्टीपेक्षा थोडंसं जास्त. हे एकदा फळ्यावर लिहिलं की पुढचं सगळं सोपं होतं. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तबलजी तुमच्यापासून साडेतीन मीटरवर बसलाय. हे चालतं, बैठकीत असंच असतं. चाळीस मिलिसेकंद म्हणजे तो जवळजवळ चौदा मीटरवर, वर्गाबाहेर पटांगणात बसलाय. आता त्याच्याबरोबर द्रुत लयीत वाजवून दाखवा! साधारण वीस ते तीस मिलिसेकंदांच्या पुढे एकत्र वाजवणाऱ्यांना अडखळायला होतं. हेडफोन लावून स्वतःचाच आवाज ऐकत गायचं असेल, तर त्याहून कमी उशीरही खटकतो, कारण आपला आवाज हाडांतून आपल्याला लगेच ऐकू आलेला असतो.

संगणकात हा उशीर येतो कुठून? समजा, लग्नघरात आचाऱ्याला सतत पाणी लागतंय. त्याच्याशेजारी दोन कळश्या आहेत. एक रिकामी होत असताना दुसरी भरून आणायची. आचारी म्हणजे साउंड कार्ड, पाणी आणणारा म्हणजे संगणकाचा प्रोसेसर, आणि कळशी म्हणजे बफर. कळशी मोठी असेल तर पाणक्याला निवांतपणा मिळतो, पण त्यातलं पाणी तेवढंच आधी भरलेलं, म्हणजे शिळं. कळशी लहान केली तर पाणी ताजं, पण खेपा जास्त. आणि पाणक्या वाटेत जरा गप्पा मारायला थांबला की आचारी कोरडा.

आचारी कोरडा पडला की स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज येतो किंवा सूर क्षणभर तुटतो. याला ‘एक्सरन’ म्हणतात.

आता गणित. ध्वनीचे सेकंदाला 48,000 नमुने घेतले जात असतील आणि एका कळशीत 1024 नमुने मावत असतील, तर 1024 भागिले 48,000 म्हणजे 21.3 मिलिसेकंद. कळश्या दोन, म्हणून 42.7. हाच पटांगणातला तबलजी. कळशी 256 ची केली तर दोन कळश्यांचे 10.7, 128 ची केली तर 5.3, आणि 64 ची केली तर 2.7 मिलिसेकंद. मुलांना हा तक्ता स्वतः काढू द्या. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मग सरळ 64 च का ठेवत नाही? उत्तर असं की, 64 च्या कळशीला प्रत्येक 1.3 मिलिसेकंदाला एक खेप हवी, न चुकता. ते जमेल की नाही हे ठरवतो कर्नल.

कर्नल काय करतो

इथे मुलं लष्करातल्या कर्नलवरून हसतात. हसू द्या. कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. कोणत्या कामाला प्रोसेसर कधी द्यायचा, हे तो ठरवतो. डिस्कवर लिहिणं, वाय-फायवरून आलेलं पाकीट उघडणं, माउस हलला का ते बघणं, ही कामंही त्याच्याकडेच.

अडचण अशी. तास संपल्याची घंटा द्यायची वेळ झाली, पण शिपाई हेडसरांच्या कामासाठी बँकेत रांगेत उभा आहे. काम अर्धं टाकून येता येत नाही, म्हणून घंटा दहा मिनिटं उशिरा. साध्या कर्नलचं असंच होतं. तो स्वतःच्या आतल्या एखाद्या कामात असेल, तर ते संपेपर्यंत किंवा सोयीचा थांबा येईपर्यंत ध्वनीचं काम ताटकळतं. रिअल-टाइम कर्नलमध्ये ही आतली कामंही बहुतेक ठिकाणी मध्येच थांबवता येतात. घंटा वेळेवर होते, बँकेचं काम नंतर पूर्ण होतं.

मात्र रिअल-टाइम म्हणजे वेगवान, असं मुलांना मुळीच सांगू नका. एकूण काम कधीकधी थोडं कमीच होतं, कारण सारखं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं यातही वेळ जातो. तो वक्तशीर असतो, एवढंच. वेगवान आणि वक्तशीर हे दोन वेगळे गुण आहेत, हे आपल्याला वर्गातल्या मुलांवरूनही माहीत आहे.

लिनक्समध्ये हे बदल करण्याचं काम इंगो मोल्नार, थॉमस ग्लाइक्सनर आणि इतर अनेकांनी जवळजवळ वीस वर्षं केलं. इतका काळ ते मूळ कर्नलला वरून लावायच्या ठिगळासारखं, म्हणजे ‘पॅच’ म्हणून मिळत असे. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 6.12 या आवृत्तीपासून ते मूळ कर्नलमध्येच आहे. जुन्या मार्गदर्शक लेखांत पॅच शोधून लावण्याची जी लांबलचक कृती असते, ती आता साध्या संगणकासाठी लागत नाही.

या कामातली एक कल्पना वर्गात गोष्टीसारखी सांगण्याजोगी आहे. 4 जुलै 1997 रोजी पाथफाइंडर हे यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून आपोआप पुन्हा सुरू व्हायला लागला. कारण असं निघालं की, हवामानाच्या नोंदींचं एक बिनमहत्त्वाचं काम एक किल्ली धरून बसलं होतं. तीच किल्ली अतिशय महत्त्वाच्या कामाला हवी होती. आणि मधल्या महत्त्वाचं तिसरंच काम प्रोसेसर अडवून बसल्यामुळे किल्लीवाल्याला काम संपवताच येत नव्हतं. म्हणजे शिपायाकडे प्रयोगशाळेची किल्ली, हेडसर दारात उभे, आणि कारकुनाने शिपायाला झेरॉक्सला पिटाळलेलं. उपाय असा की किल्ली परत देईपर्यंत शिपायाला हेडसरांचाच मान द्यायचा, मग कारकून त्याला अडवू शकत नाही. शास्त्रज्ञांनी पृथ्वीवरून ही सोय चालू केली आणि तक्रार मिटली. रिअल-टाइम लिनक्समध्येही हीच युक्ती आतून वापरलेली आहे.

नवा कर्नल घडवण्याआधी

माझं स्पष्ट मत असं की, निम्म्या वेळा नव्या कर्नलची गरजच नसते. आधी स्वस्तातली कामं करून घ्या.

डेबियन किंवा उबुंटूवर ‘जॅकडी2’ हे पॅकेज बसवताना, ध्वनीच्या कामाला रिअल-टाइम प्राधान्य द्यायचं का, असा एक प्रश्न विचारला जातो. तिथे ‘होय’ म्हणा. मग आपलं खातं ‘ऑडिओ’ या गटात घाला आणि लॉगआउट करून पुन्हा आत या. ही पायरी राहिली तर कितीही भारी कर्नल बसवला तरी व्यर्थ, कारण ध्वनीच्या कामाला रांगेत पुढे जायची परवानगीच मिळालेली नसते. दुसरं, वीज वाचवण्यासाठी प्रोसेसर आपला वेग कमी करतो. वाजवताना तो ‘परफॉर्मन्स’वर ठेवा. तिसरं, ग्रबच्या सेटिंगमध्ये कर्नलला सुरुवातीलाच ‘प्रीएम्प्ट बरोबर फुल’ आणि ‘थ्रेडआयआरक्यूज’ हे दोन शब्द देता येतात. 5.12 नंतरच्या कर्नलमध्ये ही सोय आहे आणि बऱ्याच वितरणांत ती चालते. एवढ्यानेच 128 ची कळशी टिकली तर आनंद माना.

यानंतर डेबियनमधला तयार रिअल-टाइम कर्नल बसवून बघा. तो एका आज्ञेने बसतो आणि त्याला सुरक्षेच्या सुधारणाही आपोआप मिळतात. स्वतः घडवायचा तो शिकण्यासाठी, किंवा जुन्या यंत्राला नेमकं हवं तेवढंच देण्यासाठी.

आधीचं मोजमाप

बदल करण्याआधी मोजलं नाही, तर नंतर ‘बरं वाटतंय’ यापलीकडे काही म्हणता येत नाही. विज्ञानाच्या प्रयोगवहीत जसं आपण ‘निरीक्षण’ लिहायला लावतो, तसंच इथे.

‘आरटी-टेस्ट्स’ या पॅकेजमध्ये ‘सायक्लिकटेस्ट’ नावाचा छोटा कार्यक्रम येतो. तो कर्नलला म्हणतो, मला 200 मायक्रोसेकंदांनी उठव. आणि मग खरंच किती उशिरा उठवलं ते लिहून ठेवतो. ‘सुडो सायक्लिकटेस्ट’च्या पुढे ‘एमलॉकऑल’, ‘एसएमपी’, ‘प्रायॉरिटी 80’ आणि ‘इंटरव्हल 200’ हे पर्याय द्यायचे. प्रत्येकाआधी दोन आडव्या रेघा. पडद्यावर प्रत्येक कोअरसाठी किमान, सरासरी आणि कमाल असे आकडे धावायला लागतात.

रिकाम्या संगणकावर ही चाचणी घेण्यात अर्थ नाही. सुट्टीच्या दिवशी शाळेत शांतता आहे म्हणून शिस्त चांगली, असं म्हणण्यासारखं ते होईल. ‘स्ट्रेस-एनजी’ चालू करा, मोठी फाइल पेनड्राइव्हवर कॉपी करा, एखादा व्हिडिओ लावा, आणि निदान अर्धा तास चालू द्या.

आता फक्त कमाल हा रकाना बघा. सरासरी जवळजवळ नेहमीच छान दिसते, पण संगीताला तिचा उपयोग नाही. वर्षभर सरासरी वेळेवर येणारी एसटी नेमकी बोर्डाच्या पेपरच्या दिवशी तासभर उशिरा आली, तर सरासरीचं काय करायचं? 128 नमुन्यांची कळशी 2,667 मायक्रोसेकंदांची असते. कमाल उशीर 3,000 असेल तर त्या क्षणी ‘टक्’ होणारच. साध्या कर्नलवर भाराखाली हा आकडा काही शे आणि कधी काही हजारांत जातो. रिअल-टाइम कर्नलवर, यंत्र बरं असेल तर, तो बहुधा शंभराच्या आसपास किंवा त्याहून खाली राहतो.

घडवणं

निदान 25 जीबी मोकळी जागा ठेवा. शाळेच्या गुणपत्रिका किंवा यूडायसची माहिती ज्या संगणकावर आहे, त्याला हात लावू नका. प्रयोगाचा संगणक वेगळा हवा.

कर्नल डॉट ओआरजी या संकेतस्थळावरून 6.12 च्या मालिकेतली ताजी आवृत्ती उतरवा. ही मालिका दीर्घकाळ सांभाळली जाणारी आहे. लागणारी हत्यारं: ‘बिल्ड-इसेन्शियल’, ‘फ्लेक्स’, ‘बायसन’, ‘बीसी’, ‘डेबहेल्पर’, आणि ‘लिबएसएसएल’, ‘लिबएल्फ’, ‘लिबएनकर्सेस’ यांची विकासक पॅकेजेस. फाइल उलगडून त्या फोल्डरमध्ये जा आणि ‘बूट’ फोल्डरमधली सध्याच्या कर्नलची ‘कॉन्फिग’ फाइल तिथे ‘डॉट कॉन्फिग’ या नावाने आणा. चालू यंत्राची ही पाककृती आहे. तिच्यात बदल करायचा, कोरी पाटी घ्यायची नाही.

पुढची आज्ञा ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’. या क्षणी जी साधनं वापरात आहेत तेवढ्यांचेच चालक ती ठेवते, बाकीचे गाळते. त्यामुळे जुन्या यंत्रावर कित्येक तासांचं काम बरंच आटोक्यात येतं. पण याचाच अर्थ, ही आज्ञा देण्याआधी साउंड कार्ड, कीबोर्ड, प्रिंटर, पेनड्राइव्ह, जे जे पुढे लागणार ते सगळं जोडलेलं आणि चालू हवं. जे जोडलेलं नव्हतं ते नव्या कर्नलला ओळखू येणार नाही. मध्ये प्रश्न विचारले गेले तर एंटर दाबत जा.

मग ‘मेक मेन्यूकॉन्फिग’. ‘जनरल सेटअप’मध्ये ‘फुली प्रीएम्प्टिबल कर्नल’ हा पर्याय शोधायचा, आणि तो अनेकांना सापडतच नाही. कारण तो लपवलेला असतो. त्याच पानावर खाली, तज्ज्ञांसाठीच्या मांडणीची एक ओळ आहे, तिच्यात ‘एक्स्पर्ट’ हा शब्द दिसेल. ती आधी चालू करा, मग तो दिसायला लागतो. ‘कर्नल हॅकिंग’ विभागात डीबगची माहिती बंद करा, नाहीतर डिस्क भरते. ‘क्रिप्टोग्राफिक एपीआय’च्या आत प्रमाणपत्रांच्या भागात वितरणाच्या किल्लीच्या फाइलचं नाव लिहिलेलं असतं, ते पुसून रिकामं करा, ती फाइल आपल्याकडे नसते आणि तिच्यावाचून काम मध्येच थांबतं. टाइमर 1000 हर्ट्झवर ठेवा असं जुने लेख आग्रहाने सांगतात. ठेवायला हरकत नाही, पण सूक्ष्म टाइमर आल्यापासून त्याचं महत्त्व बरंच कमी झालंय.

आवृत्तीच्या नावापुढे आपली एक खूण जोडा, उदाहरणार्थ ‘वजा शाळा’. नंतर ओळखायला बरं. मग ‘मेक’, ‘वजा जे 4’, ‘बाइंडडेब-पीकेजी’. यातला 4 म्हणजे एकाच वेळी किती कामं चालवायची तो आकडा. आपल्या प्रोसेसरच्या कोअरइतका ठेवा. संगणक गरम होईल, पंखा ओरडेल. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलेला हवा, आणि तुमच्याकडे लोडशेडिंगचा दिवस असेल तर तो टाळा. वीज गेलीच तर तीच आज्ञा पुन्हा द्या, झालेलं काम सहसा वाया जात नाही.

काम संपल्यावर बाहेरच्या फोल्डरमध्ये डेब पॅकेजेस तयार दिसतात. त्यांतली ‘इमेज’ आणि ‘हेडर्स’ ही दोन ‘सुडो डीपीकेजी वजा आय’ने बसवा आणि संगणक पुन्हा सुरू करा. जुना कर्नल काढायचा नाही, अजिबात नाही. ग्रबच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये दोन्ही दिसतील, नवा रुसला तर जुन्याने आत जाता येतं. ‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर आपला कर्नल सही नसल्यामुळे नाकारला जाईल. एनव्हिडियाचा स्वतःचा चालकही रिअल-टाइम कर्नलवर बसायला कुरकुर करतो. तिथे ‘नूव्हो’ हा मुक्त चालक किंवा साधं इंटेलचं ग्राफिक्स बरं.

आता खरी परीक्षा

‘यूनेम वजा ए’ ही आज्ञा द्या. उत्तरात ‘प्रीएम्प्ट आरटी’ ही अक्षरं दिसली तर आपण योग्य कर्नलवर आहोत. नंतर तीच सायक्लिकटेस्ट, तोच भार, तेवढाच वेळ. मुलांना दोन्ही कमाल आकडे शेजारी लिहू द्या.

पण हा आकडा म्हणजे संगीत नव्हे. जॅक किंवा पाइपवायर चालू करून कळशी 1024 वरून खाली आणत जा: 512, 256, 128, 64. प्रत्येक पायरीवर दहा मिनिटं वाजवा आणि एक्सरन मोजा. पाइपवायरमध्ये ‘पीडब्ल्यू-टॉप’च्या ‘ईआरआर’ रकान्यात ते दिसतात. जिथे एकही एक्सरन आला नाही ती सर्वांत लहान कळशी म्हणजे आपल्या यंत्राची कुवत. कर्नलने उशीर कमी केला असं आपण बोलताना म्हणतो खरं, पण उशीर कमी झाला तो कळशी लहान केल्यामुळे. कर्नल फक्त लहान कळशी वापरायची मुभा देतो. नवा कर्नल बसवून कळशी 1024 चीच ठेवणाऱ्याला काडीचाही फरक जाणवणार नाही.

पूर्ण उशीर मोजायला मुलांना आवडणारी एक रीत आहे. मोबाइल कीबोर्ड आणि स्पीकर या दोघांच्या जवळ ठेवा, ध्वनिमुद्रण चालू करा आणि पट्टी नखाने टचकन मारा. मुद्रणात आधी नखाचा टकटक आवाज येतो, मग सूर. फाइल ऑडॅसिटीत उघडून दोघांतलं अंतर मोजा. वीस वेळा मोजा, किमान आणि कमाल लिहा. हे उत्तर आपल्या तक्त्यापेक्षा जास्त येईल, कारण कीबोर्डने पट्टी ओळखायला, यूएसबीने निरोप न्यायला आणि साउंड कार्डने आकड्यांचा आवाज करायला वेळ घेतलेला असतो. केबलने साउंड कार्डाचं आउटपुट त्याच्याच इनपुटला जोडून ‘जॅक आयओडिले’ने जाऊन-येऊन लागणारा वेळ अधिक नेमका मोजता येतो. तेव्हा आवाज आधी अगदी कमी ठेवा आणि हेडफोन कानाला लावू नका.

कमाल आकडा मधूनच उसळी मारत असेल, तर वाय-फाय बंद करून बघा. साउंड कार्ड दुसऱ्या यूएसबी खाचेत लावून बघा. तरीही उसळी राहिली, तर ती मदरबोर्डच्या फर्मवेअरची असू शकते. तापमान वगैरे सांभाळायला तो कर्नललाही न विचारता प्रोसेसर ताब्यात घेतो, आणि त्यावर कर्नलकडे उपाय नाही. ‘एचडब्ल्यूलॅटडिटेक्ट’ हा कार्यक्रम अशा चोरलेल्या क्षणांचा हिशेब दाखवतो.

पालकांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर सहसा शंभर मिलिसेकंदांच्या वर असतो, कोणताही कर्नल तो घालवू शकत नाही. सरावाला तारेचाच हेडफोन घ्या. आणि ऑनलाइन गाण्याच्या तासाला गुरुजींबरोबर एकाच वेळी गाता येत नाही, तो उशीर वाटेतल्या इंटरनेटचा आहे. तिथे आधी त्यांनी, मग मुलाने, हीच पद्धत योग्य. मूल मागे पडतंय म्हणून त्या तासात त्याला टोकू नका.

स्वतः घडवलेल्या कर्नलला सुरक्षेच्या सुधारणा आपोआप मिळत नाहीत. 6.12 मालिकेत नवी आवृत्ती आली की तीच ‘डॉट कॉन्फिग’ नव्या फोल्डरमध्ये ठेवून ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ द्या आणि पुन्हा घडवा. दुसऱ्या वेळी सगळं बरंच लवकर होतं. हे जमणार नसेल तर त्या संगणकावर बँकेचे व्यवहार करू नका, किंवा सरळ डेबियनच्या तयार कर्नलवर परत या. परत यायचं तर आधी ग्रबमधून जुना कर्नल निवडून आत जा आणि मग ‘सुडो एपीटी रिमूव्ह’च्या पुढे आपल्या खुणेचं पॅकेज लिहा. ग्रबची यादी आपोआप दुरुस्त होते.